वास असेल तर ठिणगी नाही

आमच्या घरात माणसं तीन आणि चौथं ह्यांचं नाक. हे म्हणजे माझे यजमान, गॅरेजवाले. सगळा भाग त्यांना उस्ताद म्हणतो, आणि ते उस्तादपण हाताचं कमी, नाकाचं जास्त. पाहुणेसुद्धा आधी त्या नाकाचीच चौकशी करतात, मग आमची.

गॅरेजच्या दारात बिघडलेली गाडी येऊन थांबली, की हे हातातला पाना खाली ठेवायचे, मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसायचे आणि आत बसलेल्याला सांगायचे, "मारा सेल्फ." इंजिन घरघरायचं. हे डोळे मिटून सावकाश श्वास ओढायचे. मग उठायचे, गुडघे झटकायचे आणि निकाल द्यायचे. "ऑइल जळतंय." "पेट्रोल जास्त पडतंय." "वासच नाही, म्हणजे पेट्रोल पोचत नाही." बॉनेट उघडायचं ते नंतर, लोकांच्या समाधानासाठी. आणि निकाल चुकायचा नाही, हे बायको असूनही मला कबूल करावं लागतं.

हे नाक घरी आलं तरी सुट्टीवर नसायचं. आमचं घर गॅरेजच्या मागच्या अंगाला, मधे एकच दार. त्या दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच आवाज यायचा, "आज भाजी खाली लागली वाटतं!" नव्या नवलाईत मी रडायचे. मग भांडायला लागले. पुढे पुढे उलथनं दाखवून गप्प करायचे, पण नाक काही गप्प बसायचं नाही.

आमची बारकी नावालाच बारकी. ह्यांच्यापेक्षा चार बोटं उंच आहे आणि जिद्दीलाही तेवढीच जास्त. नव्या इंजिनांचं रीतसर शिक्षण घेऊन आली आणि सरळ गॅरेजमध्ये उभी राहिली. लोकांनी भुवया उंचावल्या, आम्ही लक्ष दिलं नाही. अख्खं इंजिन उतरवून, पुसून, पुन्हा बसवून देते. एक वॉशर उरत नाही. ह्यांना त्याचं कौतुक होतं, नव्हतं असं नाही. पण गिऱ्हाइकांसमोर एक वाक्य ठरलेलं, "हात आहे पोरीला. नाक नाही."

त्या एका वाक्यापायी पोरीचं सगळं अडलं होतं. गाडी खोलायची तिने, जोडायची तिने, पण काय बिघडलंय हे सांगायचं ह्यांनीच. कुणी तिला विचारलंच तर तिला म्हणावं लागायचं, "बाबा सांगतील." हे म्हणताना तिचा जबडा कसा आवळायचा ते मी काउंटरवरून बघत असे. एकदा मी ह्यांना म्हटलंही, "अहो, एखादा निकाल देऊ द्या की तिला." तर म्हणाले, "निदान म्हणजे काय पोरखेळ आहे? माझ्या नावावर गाड्या येतात."

तरी बापाने तिला एक गोष्ट अक्षरओळखीच्याही आधी शिकवली होती. वास असेल तर ठिणगी नाही. पेट्रोलचा वास आला की वेल्डिंग बंद, ग्राइंडर बंद, दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावायचा नाही. आधी दारं उघडायची, वास जाऊ द्यायचा, मग पुढचं. इतकी वर्षं आमच्या गॅरेजमध्ये कुणाची भुवईसुद्धा जळली नाही ती ह्या नियमामुळे.

मधे ह्यांना ताप आला. साधाच, पण चांगला रेंगाळला. त्यातून उठले आणि माणूस एकदम निवळला. ताटात पडेल ते मुकाट खायला लागले. भाजी खाली लागली तरी अक्षर नाही. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माझ्या हाताला चव आली! बहिणीला फोन करून सांगितलं मी. म्हटलं, "आता आमच्याकडे तक्रार नसते हो." तिला खरं वाटेना आणि मी मात्र हवेत.

अशात नर्सबाईंची गाडी आली. नर्सबाई घरोघरी जाऊन जखमा बांधतात, इंजेक्शनं देतात, नवी बाळं तपासतात. गाडी जुनी, पण कार्ब्युरेटरची नव्हे, इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी. त्या प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी. आत एक छोटा कॉम्प्युटर असतो, तोही आता म्हाताराच. दोरीला बांधून आणली होती.

"उस्ताद, घरून निघते अगदी शहाण्यासारखी," नर्सबाई म्हणाल्या. "पेशंटकडे मी थोडा वेळ थांबते, बाहेर येते, की ही रुसली. नुसती घरघर."

हे मागे जाऊन बसले. "मारा सेल्फ." डोळे मिटले, श्वास ओढला. पुन्हा ओढला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय हे मी काउंटरवरून पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. मग ते उठले. "वासच नाही. पेट्रोल पोचत नाही. पंप गेला."

बारकी तिथेच उभी होती. "बाबा, मला जरा..."

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली.

टाकी खोलून पंप बदलला. त्यात बराच वेळ गेला, आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. ह्यांनी हात पुसत लेकीकडे असं काही पाहिलं, जणू त्या पंपाचा शोध ह्यांनीच लावला. नर्सबाई खूश होऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. करपलेल्या दुधाचा वास आला तशी हातातलं टाकून धावले. दुसरीकडून गॅरेजच्या दारातून बारकी धावत आली. स्वयंपाकघरात धूर भरला होता, आणि हे शेगडीपासून हातभर अंतरावर, पाठ करून, निवांत पेपर वाचत बसले होते.

"अहो!" मी ओरडले.

ते दचकले. "काय झालं?" मग मागे वळले, धूर बघितला आणि घाईघाईने गॅस बंद केला. "बातमीत होतो. लक्षच नाही राहिलं," एवढं पुटपुटून निघून गेले. जाताना आमच्याकडे बघितलं नाही.

आम्ही दोघी त्या काळ्या पातेल्यासमोर उभ्या.

"आई, मला गॅरेजमध्ये वास आला," बारकी हळूच म्हणाली. "तुला अंगणात आला. आणि बाबा इथे होते."

मी धूर जायला खिडकी उघडली.

"काल नर्सबाईंच्या गाडीलाही पेट्रोलचा वास होता. मला येत होता. पण बाबा म्हणाले नाही, तर मला वाटलं माझंच नाक चुकतंय. मला नाक नाहीच ना." तिचे डोळे भरून आले. "आई, बाबांना वास येत नाही. तापापासून येत नसणार."

मी पातेलं घासायला घेतलं. दोन हात मारले आणि मग माझ्या डोक्यात दुसरा प्रकाश पडला. "म्हणजे माझ्या हाताला चवबिव काही आलेली नाही!"

बारकी फस्सकन हसली. मीही हसले. आणि मग दोघींनाही हसवेना.

"मी सांगते त्यांना, वेळ बघून," मी म्हटलं.

"वेळ बघण्यात वेळ घालवू नकोस. ते दिवसभर पेट्रोलमध्ये हात घालून असतात, आई. त्यांना कळणारही नाही."

मी उद्या सांगते म्हणाले. ज्या माणसाची सगळी पत त्या नाकावर उभी, त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? त्या रात्री जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा घास घातला.

सकाळी नर्सबाईंची गाडी पुन्हा दोरीला बांधून दारात हजर. आमच्याकडून दुरुस्त होऊन गेलेली गाडी अशी परत आलेली मी तरी पाहिली नव्हती. ह्यांचे कान लाल झाले.

"उस्ताद, एका बाळाला बघून बाहेर आले आणि झालं," नर्सबाई वैतागल्या होत्या. "किती वेळा सेल्फ मारला देव जाणे. अजून एक बाळ वाट बघतंय माझी."

गाडी ढकलून आत घेतली. हे सायलेन्सरपाशी बसले, उठले. "वास नाही. पण पंप तर नवा, पेट्रोल देणारच. म्हणजे ठिणगी पडत नाहीये. प्लग बघतो."

मी मधल्या दारातून चहा घेऊन येत होते. उंबऱ्यातच पेट्रोलचा असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी आलं. हे बॉनेटमध्ये वाकलेले. एक प्लग काढला, सवयीने पँटीला पुसला. बघितलासुद्धा नाही, कारण नाकाने निकाल दिल्यावर डोळ्यांना काम द्यायची ह्यांना सवयच नव्हती. प्लग वायरला जोडला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि म्हणाले, "बाई, मी म्हटलं की सेल्फ मारा."

ठिणगी बघायची जुनी रीत. प्लगच्या उघड्या भोकाशेजारी ठिणगी पाडायची. इंजिन पेट्रोलने ओलंचिंब असेल तर त्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो. एवढं गॅरेजवाल्याच्या बायकोलाही कळतं.

"थांबा!"

बारकीने हातातलं टाकून झेप घेतली आणि ह्यांच्या हातातल्या प्लगची वायर उपटून काढली. बापाला थांब म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. हे सरळ उभे राहिले. चेहरा असा, की मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"माझ्या गॅरेजमध्ये मला थांबवतेस?"

"बाबा," बारकीचा आवाज कापत होता, पण वायर तिने सोडली नाही. "वास असेल तर ठिणगी नाही. तुमचाच नियम."

"मग? वास कुठे आहे?"

नर्सबाई गाडीतून उतरल्या होत्या, रुमाल नाकावर घट्ट दाबून. मी बाहीने तोंड झाकलं होतं. बारकीच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती, ती रडण्याची नव्हती. ह्यांनी नर्सबाईंकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग लेकीकडे. मग स्वतःच्या पँटीवरच्या ओल्या डागाकडे.

मला वाटलं, आता ओरडणार. राग ह्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि तो कुठे गेलेला नव्हता. पण ते प्लग हळूच खाली ठेवून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. तोंडावर ऊन पडावं तसे डोळे बारीक केले.

"दारं उघडा सगळी," ते म्हणाले. "गाडी बाहेर मोकळ्यावर घ्या. आणि मग..." इथे ते अडकले. "मग बारके, तू बघ. निकाल तू दे."

चौघांनी मिळून गाडी उघड्यावर ढकलली. हे आत जाऊन पँट बदलून आले. वारा लागू दिला. भपकारा ओसरला तशी बारकी कामाला लागली, आणि तिने जे केलं ते मी पापणी न हलवता पाहिलं.

उरलेले प्लग तिने एकेक काढून, न पुसता, कापडावर मांडले. काळे आणि ओले. मग ऑइलची पट्टी उपसली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं, आणि बोटांमध्ये पाण्यासारखं पातळ. "पेट्रोल कमी नाहीये, बाबा. नको तेवढं आहे. पार ऑइलमध्ये उतरलंय."

"मग येतंय कुठून?" हे स्टूल घेऊन बाहेर येऊन बसले होते, परीक्षकासारखे. "इंजेक्टर गळत असेल."

"असेल. पण इंजेक्टर उतरवायच्या आधी हे बघते. हे सोपं आहे." तिने इंजिनावरच्या एका छोट्या गोल डबीवर बोट ठेवलं. "प्रेशर रेग्युलेटर. पेट्रोलचा दाब हा सांभाळतो. आत पातळ पडदा असतो. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. हवेच्या बाजूने ही रबरी नळी इंजिनात जाते. हिच्यात पेट्रोलचा थेंबही असता कामा नये." तिने नळी उपसली आणि इकडेतिकडे बघितलं. "स्वच्छ फडकं मिळेल?"

आमच्या गॅरेजमध्ये स्वच्छ फडकं! नर्सबाईंनी बॅग उघडली आणि जखम बांधायची पांढरीशुभ्र गॉझ काढून दिली.

बारकीने ठिणगीची वायर सोडवून बाजूला ठेवली, गॉझ डबीच्या तोंडाशी धरली. "बाई, फक्त चावी फिरवा. सेल्फ नको." मागे टाकीत पंप गुणगुणला. गॉझवर एक डाग उमटला, मग दुसरा, मग ती टपटपायला लागली.

"चावी बंद," बारकी म्हणाली आणि ती गॉझ बापासमोर धरली.

ह्यांनी ती सवयीने नाकाकडे नेली. अर्ध्यावर हात थांबला. मग खाली घेतली आणि दोन बोटांत चोळली. चोळत राहिले. "गार पडतंय," ते म्हणाले. "बोटावरून उडून जातंय. पाणी असं करत नाही." आणि एकदम हसले, सगळे दात दाखवून. "आता माझ्याबद्दल असं म्हणायला लागेल. हात आहे, नाक नाही."

मला हसावं का रडावं कळेना. मी चहाचे कप उगाच इकडचे तिकडे केले.

"पडदा फाटलाय," बारकीने निकाल दिला. आवाज आता कापत नव्हता. "गाडी बंद केली तरी नळ्यांमध्ये दाब राहतो. तो पेट्रोल फाटक्या पडद्यातून ढकलतो, आणि ते इंजिनात साठतं. म्हणून पेशंटकडून निघताना गाडी गुदमरते. रात्रभरात ते उडून जातं, म्हणून सकाळी घरून निघते. परवा आपण टाकी खोलून बसलो तेवढ्यात ती सुकली, आणि पंप..." इथे तिचा आवाज उतरला.

"मोठ्याने सांग," हे म्हणाले. "पंप जुनाच चांगला होता. मी चुकलो. बाई, तुमचा खोळंबा माझ्यामुळे झाला."

माझा नवरा चारचौघांत मी चुकलो म्हणाला. लग्नानंतर कधी वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्याचा तेव्हा वाटला, आणि लेकीचा त्याच्याही वर. छाती एवढी भरून आली की आत जाऊन पाणी प्यावं लागलं.

नवी डबी बसवली, ऑइल बदललं, प्लग सुकवले. बारकी म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा गाडीत. रेस पूर्ण दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. उरलेलं पेट्रोल बाहेर पडेल."

"ते तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे मला."

"हो, पण ह्या गाडीत रेस पूर्ण दाबून सेल्फ मारला की कॉम्प्युटर पेट्रोलच बंद करतो."

"म्हणजे तोही माझ्याकडूनच शिकला," हे म्हणाले आणि ऐटीत जाऊन बसले.

इंजिन घरघरलं, खोकलं, काळ्या धुराचा लोट सोडला आणि धडधडत चालू झालं. चांगली तापेपर्यंत फिरवून आणली, बंद केली आणि नर्सबाईंचा चहा होईस्तोवर तशीच ठेवली. मग बाईंनी स्वतः चावी फिरवली. हात लागतो न लागतो तोच गाडी चालू.

नर्सबाईंनी बारकीच्या पाठीवर थाप मारली. मग ह्यांच्याकडे वळल्या. "उस्ताद, वास कधीपासून येत नाही?"

"तापापासून. वाटलं सर्दी आहे, जाईल."

"डॉक्टरांना दाखवा. आणि तोवर पेट्रोलजवळ एकटं काम करायचं नाही."

"एकटा कुठे आहे?" हे म्हणाले.

दुपारी ताट वाढलं आणि मी समोर ठाण मांडून बसले. "खरं सांगा. भाजी कशी झालीय?"

"वासाचं कळत नाही. पण मीठ जास्त आहे." ते घास घोळवत म्हणाले. "रोजच जास्त असतं हल्ली."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"वाटलं, नाकाबरोबर जीभही गेली असेल. खात्री नसताना तुला कशाला बोल लावू?"

माझ्या ओठांवर सणसणीत उत्तर आलं होतं. ते मी गिळलं आणि त्यांच्या ताटात दही वाढलं. बारकी खाली मान घालून जेवत होती, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडतंय न उघडतंय तोच एक अनोळखी माणूस धूर ओकणारी गाडी घेऊन आला. "उस्ताद कोण इथे?" त्याने विचारलं.

मी काउंटरवरून ह्यांच्याकडे बघितलं. हे दारातच उभे होते. त्यांनी हात पुसले, आत वळले आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "उस्ताद! गिऱ्हाईक आलंय."

बारकीने मागे वळून बघितलं, बाबा कुणाला बोलावतायत म्हणून. मागे भिंत होती. तिने हळूच पाना खाली ठेवला. त्या माणसाला उतरायला सांगून हे स्वतः स्टिअरिंगवर जाऊन बसले होते आणि आरशातून तिच्याकडे बघत होते. ती गाडीच्या मागे गेली, सायलेन्सरपाशी उकिडवी बसली आणि डोळे मिटले.

"मारा सेल्फ," ती म्हणाली.

आणि ज्यांनी जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, त्यांनी चावी फिरवली.